निवांताची धुरी

अमरावतीच्या बस स्टँडवर कुणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं आणि ज्ञानदाच्या पोटात धस्स झालं.

मूल दुसऱ्याचं होतं. एका बाईच्या खांद्यावर लाल टोपडं, त्यात तितकंच लाल तोंड, आणि आवाज असा की कंडक्टरलासुद्धा गाडीची पाटी दोनदा ओरडून सांगावी लागली. ती बाई ओशाळून "अरे हो हो, हो हो" करत मुलाला थोपटत होती. ज्ञानदाला पान्हा फुटला. कुर्ता ओला झाला तशी ओढणी पुढे घेऊन ती बाकावर टेकली. तान्ह्या बाळाची आई ती, रडं ऐकून पान्हा फुटणारच, त्यात काही विशेष नव्हतं. धस्स झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. घरी असा पान्हा तिला कधी फुटलाच नव्हता. घरी ती घड्याळ बघून मुक्ताला पाजायला घ्यायची, कारण मुक्ता रडतच नव्हती.

शेवटची कधी रडली? ज्ञानदा आठवू लागली. जन्मली तेव्हा रडली, चांगली कडाडून. मग बारशाच्या सुमारास कान टोचले, तेव्हा? सोनारानं तार ओवली आणि मुक्ता त्याच्याकडे टुकूटुकू बघत राहिली. जमलेल्या बायका म्हणाल्या, "किती शहाणं बाळ!" आणि ज्ञानदा हसली होती. चक्क हसली होती. कान टोचताना मूल रडत नाही आणि आई हसते, हे आज बस स्टँडवर बसून आठवताना तिच्या अंगावर काटा आला.

म्हणजे ज्ञानदा काही भोळीभाबडी नव्हती. एका धूप बनवणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा विभागात ती रसायनतज्ज्ञ होती. संशय घेणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. बाळंतपणाला परतवाड्याला माहेरी आली होती आणि रजा वाढवून घ्यायला आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. मग इतके दिवस एकदाही हे आपल्याला खटकलं कसं नाही? त्या प्रश्नानं ती अधिकच घाबरली. तिनं आईला फोन लावला.

"आई, मुक्ता काय करते?"

"पडली हाय बाजेवर, पंख्याकडे पाहून राह्यली. लय शायनी पोरगी वं तुही."

"सकाळपासून रडली का?"

"कायले रडन? तिले कायचं दुःख हाय?"

"आई, खरं सांग. तू घरात निवांत लावतेस?"

"नाही वं माय! तूच तं लिवलं ना पुड्यावर, लहान पोराच्या खोलीत लावू नये. देवाजवळसुद्दा नाही लावत मी. साधी उदबत्ती असते." आई पुढे म्हणाली, "तू निवांत ये. आज नळ अजून आले नाही, आले का मंग पोरीचं आंघोळपाणी करते."

ज्ञानदाला जरा हायसं वाटलं. पण परतवाड्याची बस सुटेपर्यंतही ते हायसं वाटणं काही पुरलं नाही.

आता हे 'निवांत' म्हणजे काय ते सांगायला हवं. सातपुड्याच्या उतारांवर सालईची झाडं असतात, कागदासारखी साल सुटणारी. झाडाला खाच पाडली की तिथून पांढरट चीक पाझरतो आणि वाऱ्यावर वाळून त्याचे दाणे होतात. खरं तर ती झाडाची मलमपट्टी. जखम बुजावी, कीड आत शिरू नये म्हणून झाड हा वास येणारा चीक सोडतं, आणि माणसं तो खरवडून देवापुढे जाळतात. अशा धुपांच्या काही जातींत एक रेणू असतो. उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांना त्याची गंमत फार पूर्वीच कळली होती. आपल्या कातडीत ऊब ओळखणारी सूक्ष्म दारं असतात. तशीच दारं मेंदूतही आहेत. हा रेणू ती दारं उघडतो आणि भ्यालेला उंदीर भिणं विसरतो. देवळात गेल्यावर मन शांत का होतं याची इतर कारणं असतीलच, पण एक कारण हेही असू शकेल.

आपल्या सालईत तो रेणू नावापुरताच. ज्ञानदाच्या कंपनीनं एक बुरशी शोधली. झाडाच्या खाचेत ती भरली की सालई कितीतरी पटीनं तो रेणू तयार करू लागे. त्या चिकात लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या धुपाला नाव दिलं 'निवांत'. परीक्षेच्या हॉलमध्ये निवांत, दाताच्या दवाखान्यात निवांत, कोर्टाच्या व्हरांड्यात निवांत. झोपेच्या गोळ्या विकणाऱ्यांची पंचाईत झाली म्हणतात. नशा नाही, गुंगी नाही, सवय नाही. दीड-दोन तास भीती तेवढी नाहीशी होते आणि मोकळ्या हवेत गेलं की लवकर परत येते. मोठ्या माणसांवर सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. लहान मुलांवर कोण करणार? म्हणून ज्ञानदानं पुड्यावर एक ओळ घातली: 'लहान मुलांच्या खोलीत निवांत लावू नये.' पुढच्या पुड्यांवर ती जाड ठशात छापून यावी म्हणून ती साहेबांशी भांडलीही होती.

एकच गोष्ट तिला टोचत होती. मागच्या उन्हाळ्यात त्या बुरशी भरलेल्या सालईच्या रानात वणवा लागला. वनरक्षक सांगत होता, सांबरं पळाली नाहीत. झाडं जळत होती, धूर अंगावर येत होता आणि सांबरं माना वर करून जागच्या जागी उभी होती. साहेब म्हणाले, वाऱ्याची दिशा कळली नसेल त्यांना. बैठकीच्या खोलीत निवांत लावलेला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, ज्ञानदानंही.

घराचा जिना चढतानाच तिला वास आला. गोडसर, लिंबाच्या सालीसारखा, थोडा कापरासारखा. झोपेतही ओळखला असता तिनं तो.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. आई पाटावर पाय पसरून बसली होती, पायांवर मुक्ता पालथी, आणि तांब्यातून पाणी पडत होतं. वाफेनं समोरचा आरसा आंधळा झाला होता. मराठी घरात तान्ह्या बाळाचं पाणी कढतच असतं, आणि ते किती कढत ते ठरवायला काही यंत्र लागत नाही. बाळ किंचाळलं की आजी गार पाण्याचं विसण घालते. मुक्ता किंचाळत नव्हती. तिची पाठ टोमॅटोसारखी लाल झाली होती, खांद्याजवळ एक फोड टरारून आला होता, आणि ती आजीच्या जोडव्यांकडे बघत मजेत मूठ चोखत होती.

"आई!" ज्ञानदानं बादलीत हात घातला आणि तसाच मागे ओढला. "आई, पाणी बघ! पाठ भाजली तिची!"

तिनं पोरीला उचलून थंड पाण्याचा नळ सोडला, त्याखाली पाठ धरली. आई मात्र तांब्या खाली ठेवून शांतपणे उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हो वं, लाल तं झाली जराशी. होईन बरी. खोबरेल लावू." आवाजात काळजी नव्हती, घाबरणं तर नव्हतंच. नातीला शिंक आली तरी दृष्ट काढणारी ही बाई.

"खोलीत कसला वास आहे हा? तू म्हणालीस, लावत नाही!"

"म्या लावलं कुठी?" आईला खरंच नवल वाटलं. "धुरी देल्ली."

पलंगाशेजारी शेगडी होती. तिच्यावर मातीचं पसरट परळ, परळात निखारे, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, आणि त्यांत वितळून फसफसणारे पिवळे दाणे. भुसा मिसळलेला धूप नव्हे, अस्सल चीक. दिवाळीला कंपनीनं कर्मचाऱ्यांना भेट दिलेला डबा ज्ञानदानंच मोठ्या कौतुकानं आईला आणून दिला होता.

"येवढी शुद्द वस्तू पोरीच्या कंपनीची," आई सांगत होती, "बाजारचा भेसळीचा ऊद कायले घालू मी माह्या नातीले? रोज सकाळ-संध्याकाळ देते धुरी. तुह्या बाजेखालच्या शेकातही हेच टाकत होती. पुड्यावर लिवलं हाय, लावू नये. नाही लावला, बाई."

देवापुढे धूप लावतात. बाळाला धुरी देतात. परतवाड्यापासून पणजीपर्यंत कुठल्याही आजीला विचारा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लावायचं ते काडीनं. द्यायचं ते निखाऱ्यावर, बाळाला दुपट्यात धरून, धूर अंगाला मुरेल असं. ज्ञानदानं स्वतः अशाच धुरीत वाढून, रसायनशास्त्र शिकून, एक ओळ लिहिली होती, आणि क्रियापद चुकवलं होतं.

तिला हे सगळं कळलं; इतके दिवस याच धुरात बसून आपल्याला काही खटकलं का नाही, तेही कळलं. पुढचं ओरडून सांगायला तिनं छातीभरून श्वास घेतला. मग आणखी एक.

आणि मग तिला वाटलं, बरोबरच आहे आईचं. होईल बरी. पाठ काय, लाल होते कधीकधी. तिनं मुक्ताला टिपलं, आईच्या हातात दिलं. आईनं नातीला परळावर आडवं धरलं, एकदा पालथं, एकदा उताणं, आणि ज्ञानदा पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिली. वास फार छान होता. आईनं चहा केला. चहात आलं होतं.

वाळलेले लंगोट आणायला ती गच्चीवर गेली. उन्हाळ्याच्या तोंडचा कोरडा वारा सुटला होता. तिनं एकेक लंगोट काढून घडी घातली, लांब मेळघाटाचे डोंगर दिसत होते तिकडे बराच वेळ बघितलं, मग पुण्याला हर्षलला फोन केला. हर्षल म्हणजे तिचा नवरा.

"गंमत सांगू का तुला?" ती म्हणाली. "आईनं आज मुक्ताला इतक्या गरम पाण्यानं न्हाऊ घातलं की पाठीवर फोड आला. पण रडली नाही हं शहाणी. मी आले तेव्हा ती मूठ चोखत होती. मी बादलीत हात घातला तर माझा हात..." ती थांबली. तिची बोटं अजून चुरचुरत होती. "माझा हात भाजला. हर्षल, मला ते पाणी सोसलं नाही. आणि ती मूठ चोखत होती. आणि मी... मी तिला परत धुरीवर..."

"ज्ञानदा? काय झालं?"

"मी चहा प्यायले," ती म्हणाली आणि गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसली. "हर्षल, माझ्या डोळ्यांसमोर पोरीला धूर दिला आणि मी चहा प्यायले!"

तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. ऊब ओळखणारी ती दारं रोज, दोन वेळा, तासन्‌तास उघडी ठेवली की गंजून अडकतात. मग कढत पाणीही कळत नाही आणि भीतीही होत नाही. मोठ्या माणसाची दारं मोकळ्या हवेत आपोआप सुटतात. पण तान्ह्या बाळाचा मेंदू आत्ता कुठे घडतोय. तिथे दार कसं बसवायचं हेच याच महिन्यांत ठरतं. ते अडकलेलंच बसलं तर?

"तू आधी शांत हो," हर्षल म्हणाला. "घाबरून काही होणार आहे का? डॉक्टरांना दाखवू ना सोमवारी."

"तुमच्या ऑफिसात निवांत लावलाय का?"

"असतो की. का?"

तिनं फोन बंद केला. एवढ्या मोठ्या जगात आपल्या लेकीसाठी घाबरणारं माणूस आत्ता एकटी आपणच आहोत आणि तेही या गच्चीवर आहोत तोवरच, हे तिला लख्ख कळलं. खाली गेलं की दोन श्वासांत आपणही निवांत. मग उद्या सकाळी पुन्हा कढत पाणी. पुन्हा "शायनी पोरगी". मूल भुकेनं रडणार नाही, घशात दूध अडकलं तर रडणार नाही, अंगावर विंचू चढला तरी बघत राहील. तिला त्या जागच्या जागी उभ्या राहिलेल्या सांबरांची आठवण झाली.

ओला रुमाल नाकाला बांधून भागणार नव्हतं. कापडातून वाफ सुखानं आत येते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. धूर गाळणारा मुखवटा होता तो अमरावतीला, कंपनीत. आईला हाक मारून बाळ घेऊन वर बोलवावं? तिनं कठड्यावरून हाका मारल्या. "धुरी चालू हाय, येते मंग," असं सुरेल उत्तर आलं. म्हणजे संध्याकाळचं परळ पेटलं. आता उरला एकच उपाय, आणि तो पोराटकीचा होता. लहानपणी तलावात बुडी मारताना घ्यायची तसा तिनं श्वास घेतला, ओठ घट्ट मिटले आणि जिना उतरली.

खोलीत धूर होता. आई शेगडीजवळ बसून मुक्ताला दोन्ही हातांवर झुलवत होती आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती. ज्ञानदानं हात पुढे केले.

"घे," आई म्हणाली. "कुठी चालली?"

ज्ञानदाला बोलता येत नव्हतं. बोलायचं म्हणजे श्वास सोडायचा, आणि सोडला की घ्यायचा. तिनं पोरीला नुसतं ओढून घेतलं.

"थांब, दुपटं तं घे. बाहेर वारा हाय." आईनं दुपटं झटकलं. कोपऱ्याला कोपरा जुळवला. पोरीच्या खांद्यावरून एक पदर आणला, दुसरा आणला, फोडाला लागू नये म्हणून जपून सैल केला. ज्ञानदाच्या कानांत ठोके पडायला लागले. "काही बोलत नाहीस तू? राग आला काय माहा? माणसानं निवांत राहावं, माय." आईनं टोपडं घेतलं. हसतमुखानं, न चुकता, नातीच्या हनुवटीखाली बंदाची गाठ मारायला लागली. गाठ सुटली. पुन्हा मारायला लागली. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती आणि भीतीचा एक ठिपकाही नव्हता. ज्ञानदाला इतकं भेसूर काही आयुष्यात दिसलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं. छाती आपोआप उघडू पाहत होती. तिनं टोपड्याचे बंद आईच्या बोटांतून हिसकावले आणि दाराकडे धावली.

जिन्यावर तिनं श्वास घेतला तो हुंदक्यासारखा निघाला. पायांत चप्पल नव्हती. रिक्षावाल्याच्या आरशापाशी एक निवांतची कांडी जळत होती. ती आधी रस्त्यावर टाकायला लावून मगच ज्ञानदा आत बसली.

अमरावतीच्या बालरुग्णालयात पाठीला मलम लागलं. भाजणं वरवरचं होतं, ते भरून येणार होतं. मग डॉक्टरीणबाईंनी मुक्ताचं डोकं तळहातावर घेतलं आणि हात अचानक किंचित खाली सोडला. एरवी कुठलंही तान्हं मूल असं केल्यावर दोन्ही हात फेकून दचकतं आणि टाहो फोडतं. मुक्तानं नुसत्या पापण्या मिटल्या-उघडल्या. बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अशी आणखी बाळं आलीत या महिन्यात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांच्या आया सांगतात, फार शहाणं आहे हो. आम्हाला काही छडा लागत नव्हता. तुम्ही धुरीचं म्हणालात, आता एकेकीला विचारते."

"परत येईल का हिची भीती?"

"खोटं सांगू नये. माहीत नाही. मोकळ्या हवेत ठेवा, धुराचा कण नको. आणि दचकवत राहा. तुम्ही म्हणता ते दार वापरात असलं तरच सुटेल."

ज्ञानदानं तिथूनच साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ, घाबरण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "सर, माझी एक विनंती आहे. तुमच्या खोलीतून बाहेर या, गच्चीवर जाऊन अर्धा तास उभे राहा आणि तुमच्या नातवाचा विचार करा. मग फोन करा." तास होत आला तेव्हा साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. त्यांच्या सुनेचंही बाळंतपण घरीच झालं होतं, धुरी-शेकासकट.

दुकानांतून निवांत उचलायला सुरुवात झाली, बातम्या झाल्या, भांडणं झाली. ज्ञानदाला त्यातलं फारसं काही आठवत नाही. ती चांदूरबाजाराकडे आतेबहिणीच्या संत्र्याच्या मळ्यात दोन खोल्यांत राहायला गेली. पुण्याहून हर्षल आला, आठवडाभर राहिला. पहिल्या दिवशी समजूत घालत होता, तिसऱ्या दिवशी मुक्ताच्या पाठीचा डाग बघून ढसाढसा रडला. ज्ञानदाला त्याच्या रडण्याचं फार बरं वाटलं.

मग ती एक विचित्र काम करू लागली. आया मुलांना भीतीपासून जपतात. ही आपल्या मुलीला रोज घाबरवायला बसली. कानाजवळ ताटावर पळी आपटायची. दाराआडून एकदम "भो" करायची. केस तोंडावर घेऊन, डोळे वटारून, दात विचकून अंगावर धावून जायची. मळ्यातली बाई आधी हसली, मग तिला वाटलं शहरातल्या या बाईचं डोकं फिरलंय. मुक्ता आता बाळसं धरत होती, मान सावरत होती. ताट वाजलं की ती ताटाकडे बघायची आणि गोड हसायची. ज्ञानदा ताट खाली ठेवून मोरीत जायची, तोंडावर पाणी मारून परत यायची आणि पुन्हा दात विचकायची. आंघोळीचं पाणी कोपरानं तपासायची, मग बोटानं, मग पुन्हा कोपरानं, आणि तरीही घालताना तिचे डोळे मिटलेले असायचे. ही अशीच राहिली तर पुढे रस्ता कशी ओलांडेल, विस्तवापासून हात मागे कोण ओढेल तिचा, या विचारानं तिला जेवण जात नव्हतं.

संत्र्यांना मृगाचा बहर धरायचे दिवस आले तेव्हा एका सकाळी आई आली. फाटकापाशीच उभी राहिली. ज्ञानदानं तिला घरातली शेगडी, डबा, पडदे, गाद्या सगळं काढायला लावलं होतं. मधल्या काळात आई फोनवर फारसं बोलत नव्हती.

"आत ये ना, आई."

आईनं मान हलवली. ती एकदम म्हातारी दिसत होती. "मले भेव वाटते वं," ती म्हणाली. "रातच्याला डोळा लागत नाही. डोळे मिटले का तांब्यातलं पाणी दिसते. या हातानं घातलं म्या. या हातानं." तिनं दोन्ही हात पुढे धरले, ते कापत होते. "मी नाही घेणार पोरीले. लांबूनच पाहते."

ज्ञानदानं तिला धरून ओट्यावर आणून बसवलं. रोजच्या कामाची वेळ झाली होती. सतरंजीवर मुक्ता उताणी पडून पाय नाचवत होती. ज्ञानदानं ताट घेतलं, केस तोंडावर ओढले, आणि का कोण जाणे, त्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला, त्या ओळीचा, त्या चहाचा. तिनं ताट फरशीवर जीव खाऊन आपटलं आणि मुलीवर ओरडली.

मुक्ताचे दोन्ही हात एकदम वर उडाले. बोटं फाकली. पायांचं नाचणं थांबलं. तिनं ज्ञानदाकडे बघितलं, खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, थरथरला, आणि मग संत्र्याच्या बागेवरचे पक्षी उडावेत असा तिनं टाहो फोडला.

"रडली!" ज्ञानदा किंचाळली. "आई, रडली!" तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं. पण मुक्ता तिच्या छातीवर हात रोवून मागे रेटू लागली, मान फिरवून दुसरीकडे बघू लागली, आणि ज्ञानदाचं तोंड समोर आलं की श्वास कोंडेपर्यंत रडू लागली. ज्ञानदानं केस मागे केले, हसून दाखवलं, "मी गं, मी, आई," म्हणाली. मुक्ता आणखीच आकांत करू लागली.

ओट्यावरून कापरे हात आपोआप पुढे आले. आजीच्या खांद्यावर गेल्याबरोबर मुक्तानं तिचा पदर मुठीत धरला. हुंदके येत राहिले, मग लांबले. आजी तिला थोपटत होती, भीत भीत, पाठीवरच्या डागाच्या कडेकडेनं.

ज्ञानदा सतरंजीवर तशीच बसली होती. तिला पान्हा फुटला होता, कुर्ता भिजला होता, डोळे वाहत होते. घ्यायला ती पुन्हा पुढे झाली तशी मुक्तानं आजीच्या मानेत तोंड खुपसलं.

"थांब वं," आई हलक्या आवाजात म्हणाली. "तुले भेली ती."

"हो," ज्ञानदा म्हणाली. ती हातभर मागे सरकून बसली. "भेली ना? नीट बघ, आई. खरंच भेली ना?"